अंधाराची ऑर्डर

शिरगुप्पे मॅडमचा फोन आला तेव्हा
मी गंगावेशीत शिडीवर होतो,
दातात टेप, खांद्यावर चारशे बल्बांची माळ.
"लायटिंगवाले मुजावर ना?
पौष अमावास्येला मसाई पठारावर या.
आम्हाला अंधार हवाय."

एकोणीस वर्षं झाली धंद्याला.
लग्नं, तालमीचा गणपती, मोहरमचे पंजे,
नगरसेवकाचा वाढदिवस,
आणि चौकातला तो हायमास्ट,
पेटला त्या रात्री पेठेनं पेढे वाटले होते.
अंधार कुणी मागितला नव्हता.
दर काय लावायचा?
बल्बावर लावता येतो, फुटावर लावता येतो.

गेलो. सवयीनं टेम्पोत जनरेटर घातला.
तो खालच्या वळणावरच ठेवायला लावला.
काम एवढंच:
तंबूपासून संडासापर्यंत चोवीस बल्ब, गुडघ्याखाली,
वर लाल जिलेटिन, दुहेरी.
"डोळ्याला अंधार मुरायला अर्धा तास लागतो, मुजावर.
एक पांढरा दिवा लागला
की पुन्हा पहिल्यापासून."

जेवायला बसलो तर घोटाळा.
लाल उजेडात तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से
एकाच रंगाचे.
शाहूपुरीच्या डॉक्टरांनी पांढरा समजून
वाटीभर तांबडा एका घोटात घेतला
आणि त्यांना सगळ्यांच्या आधी तारे दिसले.

मग तेही बल्ब बंद.
जांभ्याच्या सड्यावर घोंगडं टाकून आडवा झालो.
खोटं कशाला सांगू,
वर बघितल्यावर पहिल्यांदा मी वायर शोधली.
कुठून ओढलीय, जोड कुठं दिलाय,
एवढा लोड कुठल्या फेजवर.
सापडेना.
तेव्हा कुठं घाबरलो
आणि घाबरल्यावर नुसता बघत राहिलो.

दक्षिणेला खाली अगस्ती,
डोक्यावर मृग, त्याच्या मागं व्याध पांढराफटक.
आग्नेयेला मात्र आभाळ बुडाशी लागलं होतं,
करपल्या दुधासारखं पिवळं.
"आणि तो डाग," मॅडम म्हणाल्या, "आपलं कोल्हापूर."
सगळे हळहळले.
मी गप्प.
त्या डागात माझे खांब किती
मला तोंडपाठ आहेत.

कधीतरी मध्यरात्रीच्या सुमाराला
वाडीवरचा धुळाप्पा शेजारी येऊन बसला.
"त्यास्नी मृग म्हन्त्यात व्हय? आमी तिकांडं म्हन्तो.
आन त्ये बगा, बाजलं उभं ऱ्हायलंय."
मग आवाज खाली आला.
"आमच्या खांबावरचा दिवा आठ म्हैनं बंद हाय.
परवा बिबट्यानं उंबऱ्यावरनं करडू उचललं.
तुमी लाईटवालं, म्हनून इचारतो.
ह्या पावन्यास्नी नगा सांगू,
त्यांचं आभाळ खराब हुईल."

काय बोलणार?
माझ्या पिशवीत बल्ब होता.
बाजल्याचे चारही खूर वर सरकेपर्यंत
मी त्याचंच वजन चाचपत पडून राहिलो.

उजाडल्यावर पंधरा किलोचा तेलाचा डबा मागितला,
कात्रीनं कापला, टोपी केली,
खांबावर चढलो.
उजेड अंगणात पडावा, उंबरा भिजावा,
वर थेंब उडू नये,
असा कोन धरला.
दिवसा लावलेला दिवा
बरोबर लागलाय का, काय कळणार?
धुळाप्पानं खालून ताकाचा तांब्या दाखवला
आणि मी उतरलो.

बिलात लिहिलं: लाल बल्ब चोवीस, वायर, येणं-जाणं.
अंधारापुढची रेघ तशीच सोडली.
तो बल्ब लिहिलाच नाही.

सोमवारी रात्री चौकात, स्वतःच्या हायमास्टखाली
गाडी थांबवून मान वर केली.
तिकांड्यातले दोन धरता आले,
तिसऱ्याचा भास.
बारा तोंडं, बारा दिशांना,
एकाच्याही डोक्यावर टोपी नाही.

कोपऱ्यावरचा वाणी शटर ओढत होता.
त्याला विचारलं,
रिकामा डबा कितीला देतोस?
बारा पाहिजेत.